तृतीयपंथी जीवनाविषयीचे मराठी ग्रंथ : एक निवड

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्व अंगाला, जालना रस्ता आणि मनमाडहून काचीगुड्याकडे जाणारा लोहमार्ग ह्यांच्या लगत मुकुंदवाडी वसली आहे. एके काळचे हे स्वतंत्र खेडे. एका बाजूने सिडकोच्या वसाहती आणि दुसऱ्या बाजूने चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत वाढत गेली, आणि गाव शहरात मिसळून गेले. अशा वस्तीतील एखाद्या लहान सार्वजनिक वाचनालयाने तृतीयपंथी व्यक्तींनी लिहिलेले आणि त्यांच्याविषयी लिहिले गेलेले ग्रंथ घ्यावयाचे ठरविले, तर कोणते घ्यावेत? प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि त्यान्वये ग्रंथालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते. परंतु खालच्या वर्गातील वाचनालयास एकाच विषयावर चार-सहा ग्रंथांहून अधिक खर्च करणे परवडत नाही. मोठ्या ग्रंथालयाला सर्व काही घेऊन निवडीचे ओझे वाचकावर टाकता येते. लहान वाचनालयाला ती सोय नाही. त्याची निवड हीच त्याची समीक्षा असते.

शिवाय वाचक कोण, ह्याचाही विचार करावयास हवा. २०११ च्या जनगणनेत स्त्री व पुरुष ह्यांखेरीज 'इतर' ह्या रकान्यात देशभरात ४,८७,८०३ व्यक्तींची नोंद झाली. त्यांपैकी ४०,८९१ महाराष्ट्रातील होत्या. ही नोंद प्रत्यक्षाहून कमी असावी असे मानण्यास पुष्कळ जागा आहे, कारण आपण कोण हे दारात उभ्या असलेल्या प्रगणकास सांगण्याइतका निर्भयपणा प्रत्येक घरात नसतो. तेव्हा अशा ग्रंथाचा वाचक दोन प्रकारचा असणार. एक, ज्याने तृतीयपंथी माणसे रेल्वेच्या डब्यात किंवा बारशाच्या दारात पाहिली आहेत, पण त्यांच्याशी बोलण्याचा प्रसंग ज्यावर कधी आलेला नाही. दुसरा, ज्याला स्वतःविषयीच काही कळून घ्यावयाचे आहे आणि जो ते कोणास विचारू शकत नाही. पहिल्याला उपयोगी पडणारा ग्रंथ दुसऱ्याला उपकारक ठरेलच असे नाही. काही वेळा तो अपायकारकही ठरतो. निवडीची कसोटी ह्या दुसऱ्या वाचकाकडे पाहून लावली पाहिजे.

ह्या विषयाशी मराठी ललित वाङ्मयाचा संबंध जुना आहे, परंतु तो बहुधा वेशाच्या अंगाने आलेला आहे. महाभारतातील बृहन्नडेची आठवण प्रत्येक मराठी वाचकास असते. तीही वेशाचीच गोष्ट आहे, आणि तो वेश वर्ष संपताच उतरविता येतो हे त्या कथेचे आश्वासन आहे. आधुनिक काळात राजन गवस ह्यांची 'भंडारभोग' ही कादंबरी ह्या प्रांतात सर्वांत खोलवर गेली. सीमाभागातील यल्लम्माच्या परंपरेत देवीला वाहिल्या गेलेल्या पुरुषाला, म्हणजे जोगत्याला, लुगडे नेसावे लागते, जग हाती घेऊन जोगवा मागावा लागतो, आणि गावाच्या लेखी त्याचे पुरुषपण संपते. ही सक्ती आहे, आणि गवसांनी तिचे दुःख त्या भागाच्या बोलीत व कोणतीही भाबडी हळहळ न आणता मांडले आहे. त्यांच्याच 'चौंडकं' ह्या कादंबरीतील जोगतिणीची कथा तिच्याशी जोडून, तसेच चारुता सागर ह्यांच्या 'दर्शन' ह्या कथेचा आधार घेऊन, राजीव पाटील ह्यांनी २००९ मध्ये 'जोगवा' हा चित्रपट केला. चित्रपटाने दोन वेगळ्या कथा एकत्र आणून त्यांची प्रेमकथा घडविली. तिचा परिणाम मोठा झाला. उपेंद्र लिमये ह्यांना राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. परंतु ह्या जोडणीमुळे एक गोष्ट घडली. जोगत्याच्या दुःखाचा शेवट म्हणजे लुगडे फेडून पुन्हा पुरुष होणे, ही समजूत प्रेक्षकांच्या मनात पक्की झाली.

आनंद यादवांच्या 'नटरंग'मधील गुणा कागलकर हा वेशाचा आणखी एक प्रकार. पहिलवानी शरीराचा हा गडी तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो. त्याचा वेश कोणी लादलेला नाही आणि तो त्याच्या अंतःस्वभावाचाही नाही. तो कलेसाठी पत्करलेला आहे. नाच्याची विटंबना, घरादारात होणारी त्याची हेटाळणी आणि अखेर त्याच्या देहावर होणारा अत्याचार ह्यांतून यादवांनी एक गोष्ट फार स्पष्टपणे दाखविली: गावाला वेशाच्या मागचा माणूस कोण आहे ह्याच्याशी काही कर्तव्य नसते. पुरुषाने बायकी हालचाल केली एवढे त्याच्या शिक्षेला पुरते. ही कादंबरी तृतीयपंथी माणसाविषयीची नव्हे, पण तृतीयपंथी माणसाला ज्या नजरेला रोज तोंड द्यावे लागते त्या नजरेचे इतके अचूक चित्र मराठीत दुसरीकडे क्वचितच सापडेल.

ह्या दोन्ही कादंबऱ्या श्रेष्ठ आहेत आणि कोणत्याही वाचनालयात त्या असाव्यातच. पण त्या आधी वाचून मराठी वाचकाची जी घडण होते तीत एक धोका आहे. ज्याच्यावर लुगडे लादले गेले त्याचे दुःख आणि ज्याला लुगडे नाकारले गेले तिचे दुःख, ही दोन परस्परविरुद्ध दुःखे आहेत. पहिल्या दुःखाशी सहानुभूती बाळगण्याची सवय लागलेला वाचक दुसऱ्या दुःखाकडेही त्याच डोळ्यांनी पाहतो, आणि ज्या वेशात एखाद्या व्यक्तीला प्रथमच स्वतःचा श्वास मोकळा झाल्यासारखा वाटतो, तो वेश उतरविण्यास मदत करावयास धावतो. घराघरांत जे उपाय केले जातात, नवस, मारहाण, घाईने उरकलेले लग्न, ते ह्याच चुकीच्या करुणेतून येतात. म्हणून 'भंडारभोग' एकट्याने कपाटात ठेवू नये.

स्वाती चांदोरकर ह्यांच्या 'हिजडा एक मर्द' ह्या कादंबरीचा उल्लेख येथे ओझरता केला तरी पुरे. हिजड्याच्या जीवनाकडे मराठी मध्यमवर्गीय वाचकाचे लक्ष वेधण्याचा तिचा हेतू प्रामाणिक आहे. परंतु शीर्षकातच तिची मर्यादा दिसून येते. सन्मान द्यावयाचा तर तो 'मर्द' ह्याच मापाने मोजून द्यावयाचा, ही जुनी अट तेथे कायम राहिली आहे.

२०१२ साली मनोविकास प्रकाशनाने लक्ष्मी नारायण त्रिपाठी ह्यांचे 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे आत्मकथन प्रसिद्ध केले, आणि वेशाच्या बाहेरून चाललेली ही सारी चर्चा प्रथमच आतून बोलू लागली. उत्तर भारतीय कुटुंबात जन्मून ठाण्यात वाढलेल्या लक्ष्मी ह्यांनी आपली कहाणी आधी मराठीत सांगावी, ही गोष्ट मराठीच्या दृष्टीने भाग्याची आहे. शब्दांकन वैशाली रोडे ह्यांचे आहे. आर. राज राव आणि पी. जी. जोशी ह्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर त्यानंतर, २०१५ मध्ये, ऑक्सफर्डकडून आले. दम्याने आजारी असणारे मूल, त्या मुलावर नात्यातल्या माणसाकडून झालेला अत्याचार, नृत्याने दिलेला आधार, भायखळ्याच्या लतागुरूंचे शिष्यत्व, बारमधील नृत्याचे दिवस आणि पुढील सार्वजनिक कार्य अशी ही वाटचाल आहे. तीत एक गोष्ट विशेष आहे. लक्ष्मी हिजडा समाजात दाखल झाल्या, पण आईवडिलांचे घर त्यांनी सोडले नाही, आणि घरानेही त्यांना सोडले नाही. गुरूचे घर आणि जन्माचे घर ही दोन्ही नाती एकाच वेळी सांभाळण्याची ही धडपड ग्रंथाचा प्राण आहे. ज्या वाचकाला घर सुटण्याचे भय सर्वांत मोठे वाटते, त्याच्या हाती हा ग्रंथ पडणे ह्या एका कारणासाठी आवश्यक आहे.

ग्रंथाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका कसदार नाही, हेही सांगितले पाहिजे. परिषदा, परदेशगमन, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम ह्यांचा वृत्तांत वाढत जातो तसतशी कथनाची गती वाढते आणि माणसे केवळ नावांपुरती उरतात. सार्वजनिक कार्यकर्त्यांच्या आत्मचरित्रांचा हा सर्वसाधारण दोष आहे. थोरामोठ्यांची चरित्रेही त्यातून सुटलेली नाहीत. शिवाय हा ग्रंथ एका विशिष्ट वर्षी थांबतो. २०१५ मधील किन्नर आखाड्याची स्थापना, २०१६ च्या उज्जैनच्या सिंहस्थातील त्याचा सहभाग आणि लक्ष्मी ह्यांच्या नंतरच्या भूमिकांवर खुद्द पारलिंगी कार्यकर्त्यांनी घेतलेले आक्षेप, हे सारे त्याच्या पुढचे आहे. एका व्यक्तीच्या आत्मकथनास सर्व समाजाचे प्रमाणपत्र मानण्याची चूक वाचकाने करू नये, आणि ग्रंथपालाने तर मुळीच करू नये.

ह्या आत्मकथनाचा विचार करताना भाषेचा एक प्रश्न उभा राहतो, आणि त्याकडे मराठी समीक्षेने अद्याप पुरेसे लक्ष दिलेले नाही. मराठीत 'मी' ह्या सर्वनामास लिंग नाही, परंतु क्रियापदास आहे. 'मी जातो' की 'मी जाते', 'मी आलो' की 'मी आले', ह्याचा निर्णय केल्यावाचून मराठी माणसाला साधे वाक्यही पुरे करता येत नाही. इंग्रजीतील आत्मकथनकारास हा प्रश्नच पडत नाही. बंगालीतही पडत नाही. तमिळमध्ये प्रथमपुरुषी क्रियापद लिंगनिरपेक्ष असल्यामुळे ए. रेवती किंवा लिव्हिंग स्माइल विद्या ह्यांना 'मी' म्हणताना आपले लिंग जाहीर करावे लागत नाही. कन्नडची स्थितीही तीच. विद्या ह्यांच्या आत्मचरित्रावरून कन्नडमध्ये २०१५ साली आलेल्या चित्रपटाला 'मी तो नव्हे, ती' अशा अर्थाचे नाव द्यावे लागले, कारण प्रथमपुरुषाने जे सांगता येत नव्हते ते तृतीयपुरुषी सर्वनामांकडून वदवून घ्यावे लागले. मराठीला ह्याची गरज नाही. मराठीत एक 'ते' पुरतो.

अर्थात मराठी व्याकरणात पळवाटाही आहेत. भूतकाळी सकर्मक वाक्यात क्रियापद कर्माच्या मागे जाते. 'मी भाकरी खाल्ली' हे वाक्य कोणीही म्हणू शकते. भविष्यकाळातील 'मी जाईन' हेही तसेच. कोल्हापूरकडील मुली बिनदिक्कत 'मी आलो' म्हणतात आणि त्यावरून त्यांच्या मुलगीपणाविषयी कोणाला शंका येत नाही, हे वैयाकरणांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तथापि अकर्मक भूतकाळ आणि साधा वर्तमानकाळ ह्यांतून सुटका नाही. म्हणून तृतीयपंथी व्यक्तीचे मराठी आत्मकथन वाचताना बालपण कोणत्या लिंगात सांगितले आहे, ते कोठे बदलते, आणि बदलण्याचा क्षण कथनकाराने ठळक केला आहे की नकळत ओलांडला आहे, ह्यावर चाणाक्ष वाचकाने डोळा ठेवावा. इंग्रजी भाषांतरात ही सारी खूण पुसली जाते. मराठी मूळ उपलब्ध असता केवळ प्रतिष्ठेसाठी इंग्रजी प्रत विकत घेणे हे ह्या कारणानेही अनुचित होय.

नपुंसकलिंगाचा मुद्दा ह्याच प्रकरणातला. मराठीला तीन लिंगे आहेत, तेव्हा तिसऱ्या पंथासाठी तिसरे लिंग तयारच आहे, असे एखाद्यास वाटेल. पण मराठीचे नपुंसकलिंग हे वस्तूंचे, लेकरांचे आणि तुच्छतेचे आहे. 'ते लेकरू आलं' ह्यात माया आहे. प्रौढ माणसाविषयी 'ते आलं' असे म्हणण्यात अवमान आहे. लक्ष्मी किंवा गौरी सावंत ह्यांच्याविषयी बोलताना 'त्या' हे आदरार्थी बहुवचनच योग्य ठरते. ज्या व्यक्तीला 'त्या' किंवा 'ते' ह्यांपैकी काय हवे हे ठाऊक नसेल तिला विचारावे. मराठी शिष्टाचारात ह्याला पूर्वी जागा नव्हती, आता ती करावी लागेल.

शब्दांकनाचा प्रश्नही दुर्लक्षिण्याजोगा नाही. बोलणारा एक आणि लिहिणारा दुसरा, अशा ग्रंथात आवाज कोणाचा? मल्याळममध्ये नळिनी जमीला ह्यांचे आत्मचरित्र २००५ मध्ये अशाच साहाय्याने प्रसिद्ध झाले. त्यातील स्वतःचे रूप न पटल्यामुळे त्यांनी लगोलग दुसरी आवृत्ती स्वतःच्या मताप्रमाणे सिद्ध केली. दोन्ही पाठ शेजारी ठेवले असता शब्दांकनकार किती बदल घडवू शकतो हे दिसते. रेवती ह्यांचे प्रकरण आणखी निराळे. त्यांचे आत्मकथन २०१० मध्ये व्ही. गीता ह्यांच्या भाषांतरातून आधी इंग्रजीत आले आणि तमिळ वाचकांच्या हाती त्यानंतर पडले. ह्या तुलनेत वैशाली रोडे ह्यांनी मराठी बोलण्याचा बाज पुष्कळ अंशी टिकविला, हे त्यांच्या कामाचे श्रेय आहे. तरीही येथे सांगणाऱ्याच्या हाती लेखणी नाही, ही वस्तुस्थिती उरतेच.

म्हणूनच दिशा पिंकी शेख ह्यांचा 'कुरूप' हा कवितासंग्रह वाचनालयाने लक्ष्मींच्या आत्मकथनाबरोबरच घ्यावा. येथे मध्ये कोणी नाही. २०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीच्या प्रवक्त्या म्हणून दिशा ह्यांचे नाव महाराष्ट्रभर झाले, परंतु ती प्रसिद्धी बाजूस ठेवून त्यांच्या कवितेकडे पाहणे उचित ठरेल. संग्रहाच्या नावातच त्यांची भूमिका आहे. लक्ष्मींच्या ग्रंथात सौंदर्य, नृत्य, अलंकार ह्यांचा आनंद ओसंडून वाहतो. तो खोटा नाही. पण ज्या तृतीयपंथी स्त्रीला देखणेपणाचे वरदान नाही, जी बाजारात टाळी वाजवून हात पुढे करते, तिच्या वाट्याला काय येते? दिशा ह्यांची कविता ह्या प्रश्नाला सरळ भिडते, आणि सुंदर दिसण्याची अट घालणारे जे डोळे आहेत त्यांची जातही विचारते. तृतीयपंथी जीवन हे जात, पितृसत्ता आणि दारिद्र्य ह्यांपासून वेगळे काढून दाखविता येत नाही, हे त्यांचे म्हणणे आहे. कवितांची रचना सर्वत्र सारखी बांधीव नाही. व्यासपीठावरून ऐकविताना परिणामकारक ठरलेल्या काही ओळी छापील पानावर विरळ वाटतात. पण जेथे घोषणा थांबते आणि एखादा नुसता प्रसंग उभा राहतो, तेथे ही कविता मराठीत पूर्वी न ऐकलेला स्वर काढते.

हा स्वर पारखण्याची साधने ह्या शहराला नवीन नाहीत. मिलिंद महाविद्यालयाची स्थापना येथे १९५० साली झाली. गंगाधर पानतावणे ह्यांचे 'अस्मितादर्श' येथूनच निघाले. स्वानुभव आणि सहानुभूती ह्यांतील भेद, 'आमच्याविषयी' आणि 'आमच्याकडून' ह्यांतील अंतर, भाषेच्या शुचितेचा आग्रह कोणाच्या सोयीचा असतो, हे प्रश्न दलित साहित्याच्या निमित्ताने मराठवाड्यात कसून चर्चिले गेले आहेत. 'गोलपिठा' प्रसिद्ध झाला तेव्हा नामदेव ढसाळांच्या शब्दांचे अर्थ विजय तेंडुलकरांना विचारून घ्यावे लागले, आणि त्यांनी ते प्रस्तावनेत मोकळेपणाने मान्य केले. तृतीयपंथी लेखनासमोर मराठी समीक्षकाने हीच नम्रता दाखविण्याची वेळ आहे. मात्र एक सावधगिरी हवी. दलित आत्मकथनात कुटुंब व वस्ती ह्या लेखकाच्या बाजूच्या असतात. जुलूम बाहेरून येतो. तृतीयपंथी आत्मकथनात पहिला जुलूम बहुधा घरातूनच येतो. म्हणून 'बलुतं' वा 'उपरा' वाचताना तयार झालेली मापे येथे जशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

स्थानिक वाचकासाठी इतिहासाची थोडी जोड द्यावी. मराठा अमदानीत हिजड्यांना भिक्षेचे आणि काही ठिकाणी जमिनीचेही हक्क सनदांनी मिळालेले होते, आणि इंग्रजी अमलात ते क्रमाने मोडीत निघाले; लॉरेन्स प्रेस्टन ह्यांनी १९८७ च्या आपल्या निबंधात ह्याची कागदपत्रांवरून छाननी केली आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने हिजड्यांच्या नोंदवह्या सुरू झाल्या. हैदराबाद संस्थानाने १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ मध्ये, तसाच कायदा केला. स्त्रीवेशात वा स्त्रियांचे अलंकार घालून सार्वजनिक जागी दिसणे एवढ्यावरून विनावॉरंट अटक करण्याची त्यात तरतूद होती. औरंगाबाद जिल्हा त्या वेळी ह्याच संस्थानात होता. तेलंगणाच्या उच्च न्यायालयाने हा कायदा रद्दबातल ठरविला तो २०२३ साली. दरम्यान १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचे लिंग स्वतः ठरविण्याचा अधिकार मान्य केला होता आणि २०१९ मध्ये संसदेने तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कसंरक्षणाचा कायदा संमत केला होता. इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी गायत्री रेड्डी ह्यांचा हैदराबादच्या हिजड्यांवरील २००५ चा अभ्यासग्रंथ ह्या भागास जवळचा आहे. हिजडा म्हणजे केवळ 'तिसरे लिंग' अशी जी सोपी व्याख्या सेरेना नंदा ह्यांच्या १९९० च्या ग्रंथानंतर रूढ झाली, तिला रेड्डी ह्यांनी इज्जत, धर्म, वर्ग व नातेसंबंध ह्यांची जोड देऊन अधिक यथार्थ केले आहे.

शास्त्रीय माहितीसाठी बिंदुमाधव खिरे ह्यांची 'मानवी लैंगिकता : एक प्राथमिक ओळख' आणि 'इंटरसेक्स : एक प्राथमिक ओळख' ही पुस्तके घ्यावीत. शैलीची अपेक्षा त्यांच्याकडून करू नये, र. धों. कर्व्यांच्या 'समाजस्वास्थ्य'नंतर ह्या विषयावर सरळ, बिनलाजरे मराठी लिहिण्याची जी परंपरा क्षीण झाली होती, ती त्यांनी पुन्हा चालविली एवढे पुरे. जन्मतः द्विलिंगी असणे, स्वतःस दुसऱ्या लिंगाचे मानणे आणि समान लिंगाच्या व्यक्तीविषयी आकर्षण असणे ह्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मराठीत समजावून सांगणारी पुस्तके अजूनही थोडी आहेत.

राहिला प्रश्न मांडणीचा. ही पुस्तके आल्यावर ती लैंगिक विज्ञानाच्या कपाटात, बहुधा कुलूप लावून, ठेवण्याचा मोह होतो. खिरे ह्यांची पुस्तके त्या विषयात जाणे योग्यच. कुलूप मात्र नको, कारण ज्याला ती हवीत तो किल्ली मागावयास येणार नाही. 'मी हिजडा... मी लक्ष्मी!' हे आत्मचरित्रांत, 'बलुतं' आणि 'स्मृतिचित्रे' ह्यांच्या ओळीत लागले पाहिजे, आणि 'कुरूप' कवितांत. तालिकापत्र करताना आत्मकथनाची मुख्य नोंद लक्ष्मी नारायण त्रिपाठी ह्या नावाने करून वैशाली रोडे ह्यांच्या नावाने जोडनोंद द्यावी. दिशा पिंकी शेख ह्यांचे नाव त्या लिहितात तसेच, पूर्ण, लिहावे. दाखल नोंदवहीत लेखकाच्या नावाआधी श्री. किंवा श्रीमती लिहिण्याची पद्धत ज्या वाचनालयात असेल तेथे दोघींच्याही नावांआधी श्रीमती लिहावे.